माळावरची बारकी पाखरं: किती, कोणती आणि नोंद कशी

१,५७,४२४. फुलपाखरं आणि पतंग मिळून जगात किती जातींना नावं मिळाली आहेत, याची मोजदाद अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०११ साली केली, तेव्हाचा हा आकडा. त्यात फुलपाखरं १८,७६८, म्हणजे शंभरात जेमतेम बारा. बाकी सगळे पतंग. त्यातही टॉर्ट्रिसिडी, क्रॅम्बिडी, पायरॅलिडी आणि जेलेकिडी ही चारच कुळं घेतली, तरी बेरीज ३०,६६३ होते. जगातल्या सगळ्या फुलपाखरांच्या दीडपटीहून जास्त. या चार कुळांतले बहुतेक पतंग बोटाच्या पेरात मावतात आणि दिव्यावर आले की आपण त्यांना सरसकट ‘पाखरं’ म्हणून झटकून टाकतो.

भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास आहेत आणि पतंगांच्या दहा ते बारा हजार. म्हणजे एका फुलपाखरामागे सात-आठ पतंग. आता एक परका आकडा घेऊ, कारण तो मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये पतंगांची नोंद दीडशे-दोनशे वर्षं चिकाटीनं झाली आहे. तिथे जाती सुमारे २,५००, त्यातल्या साधारण ९०० ‘मोठ्या’ आणि १,६०० ‘लहान’ गटातल्या. मोठे-लहान ही विभागणी सोयीची आहे, शास्त्राची नव्हे. काही ‘लहान’ पतंग काही ‘मोठ्यां’पेक्षा चांगले थोराड असतात. तरी प्रमाण लक्षात घ्यावं: शंभरात चौसष्ट लहान. आपल्याकडच्या एखाद्या यादीत लहान पतंग शंभरात वीसच दिसले, तर त्या जागी ते कमी आहेत असं मानण्याआधी पाहणाऱ्यांची नजर कुठे थांबली ते तपासावं. भारतीय पतंगांवरचा पायाभूत ग्रंथ जॉर्ज हॅम्प्सननं १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत लिहिला. साडेपाच हजारांहून अधिक जाती त्यात आहेत. पण तो पायरॅलिडीपाशी थांबतो. टॉर्ट्रिसिडी, टिनिडीसारखी बारक्यांची कुळं त्यात नाहीत. ती पोकळी पुढे मार्लबरो कॉलेजात शिकवणाऱ्या एडवर्ड मेरिकनं बरीचशी भरली. इंग्लंडात बसून, जगभरातून टपालानं येणारे नमुने तपासत त्यानं बारक्या पतंगांच्या हजारो जातींना नावं दिली.

हे आकडे पळसदेवच्या माळावर आणून ठेवायचे आहेत.

पळसदेव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठी, पुणे-सोलापूर महामार्गालगत. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि आजूबाजूच्या गाळावर पेरा होतो. पाऊस वर्षाला ५०० मि.मी.च्या आसपास. धरणाचं पाणी जिथवर पोचलं तिथवर ऊस, आणि जिथे नाही पोचलं तिथे कुसळी, पवना, मारवेल यांचा माळ, मधून हिवर, बाभूळ, बोर. याच तालुक्यातलं कडबनवाडी आणि शेजारच्या बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक पाहायला माणसं येतात आणि यावंच. पण धाविक आणि चंडोल ज्यावर पिल्लं वाढवतात त्या अळ्या आणि पाखरांची मोजणी कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसते.

माळाकडे बघण्याची आपली सरकारी सवयही याला कारण आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या निमशुष्क, खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यानुसार देशाच्या भूभागाचा सुमारे १० टक्के हिस्सा असा आहे. त्यातला जवळपास ७० टक्के भाग सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून दाखवलेला, आणि संरक्षित क्षेत्रांत ५ टक्क्यांहूनही कमी. जी जमीन कागदावर पडीक असते, तिच्यावरच्या चार मिलिमीटरच्या जीवाची यादी करायचं कुणाला सुचणार?

आणि तरीही पतंग मोजणं महाराष्ट्राला नवं नाही. उलट या कामात आपण मुरलेले आहोत, फक्त मोजतो ते पिकावरचे. २००८ साली सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ सुरू झालं. ठरलेल्या गावांत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या पद्धतीनं किडींची मोजणी करायची आणि तिच्यावरून सल्ला द्यायचा, अशी ती व्यवस्था. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे, रोज सकाळी आत किती पतंग अडकले ते लिहायचं, कपाशीत सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ ते १० गुलाबी बोंडअळीचे पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे साध्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. गुलाबी बोंडअळीचा पतंग म्हणजे जेलेकिडी कुळातला, दीड-दोन सेंटिमीटर पंखविस्ताराचा बारका जीव. त्याचं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं, भडोचच्या कपाशीतून पाठवलेल्या नमुन्यांवरून.

नाव आधीच दिलेलं असण्याची किंमत केवढी, हे टोमॅटोच्या नागअळीनं दाखवलं. पेरूमधल्या नमुन्यांवरून मेरिकनं १९१७ साली तिचं वर्णन केलं. पंखविस्तार जेमतेम सेंटिमीटरभर. ती २००६ साली स्पेनमध्ये पोचली आणि २०१४ साली पुणे परिसरातल्या टोमॅटोवर सापडली. भारतातली ती पहिली नोंद. वर्णनानंतर ९७ वर्षांनी, दुसऱ्या खंडात, टोमॅटोच्या पानावर ती ओळखता आली, कारण तिची खूण कुणीतरी आधी नीट लिहून ठेवली होती.

दुसरं उदाहरण उसातलं आहे आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात पतंग शत्रू नाही. उसावरच्या पाकोळीच्या, म्हणजे पायरिलाच्या अंगावर एपिरिकेनिया नावाच्या एवढ्याशा काळसर पतंगाची अळी जगते आणि तिला संपवते. म्हणून पायरिला वाढली की हेक्टरी ४ ते ५ हजार एपिरिकेनियाचे कोष किंवा ४ ते ५ लाख अंडी सोडण्याची शिफारस असते. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा पसरला, तेव्हाही मदतीला आला तो डिफा हा बारका पतंगच. त्याची अळी मावा खाते. हेक्टरी १,००० अळ्या सोडायची शिफारस तेव्हापासूनची. ऊस पिकवणाऱ्या इंदापूर-बारामतीत ही दोन्ही नावं कृषी सहायकाच्या तोंडी असतात. पिकाशी नातं जडलं की बारक्या पतंगाला नाव मिळतं, शिफारशीत आकडा मिळतो, प्रयोगशाळेत जागा मिळते. पवन्याच्या काडीत किंवा बोरीच्या पानात वाढणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. तोही उद्या कुठल्या मावा-पाकोळीचा शत्रू निघेल, हे आज त्याचं नावच नसताना कसं कळावं?

तर मग मोजायचं कसं? रूढ पद्धत साधी आहे. पांढरी चादर दोरीवर ताणायची, समोर १६० वॉटचा मर्क्युरी दिवा किंवा अतिनील एलईडी लावायचा आणि येणाऱ्या पाखरांचे फोटो घ्यायचे. अतिनील दिव्याकडे टक लावून बघू नये, आणि गवतात बूट घातल्याशिवाय पाय टाकू नये, कारण हा माळ फुरशांचाही आहे. राखीव वनात किंवा अभयारण्यात रात्री थांबायचं तर वनविभागाची परवानगी हवी, नमुने गोळा करायचे असतील तर नक्कीच हवी. सुरुवातीला माळाला लागून असलेलं ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत पुरतं. महामार्गावरच्या ढाब्याची ट्यूबलाइटखालची भिंत पहाटे नुसती पाहिली तरी वही भरायला सुरुवात होते.

पण चादरीवर जे येतं ते कितीशा जागेचं असतं? इथे हिशेब करायला हवा. इंग्लंडमध्ये ६ वॉटच्या दिव्यावर झालेल्या प्रयोगात, खूण करून सोडलेले पतंग परत किती आले यावरून दिव्याची ओढ कुळानुसार १० ते २७ मीटरपर्यंतच असल्याचं दिसलं. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर, आपल्या भाषेत तीन गुंठे. २७ मीटरचं म्हणजे २,२९० चौरस मीटर, साडेबावीस गुंठे. मयूरेश्वर अभयारण्यासारखी छोटी जागाही ५१ लाख चौरस मीटरांची आहे. मोठी त्रिज्या धरली तरी अशी सव्वादोन हजार वर्तुळं तिच्यात बसतील. मोठ्या दिव्याची ओढ जास्त असेल हे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही: एका चादरीची यादी ही अर्ध्या-पाऊण एकराची यादी असते. ‘पळसदेवचे पतंग’ असा मथळा तिला शोभत नाही. कुठल्या बांधावर, कशाच्या शेजारी, हे लिहिलं तरच ती खरी.

आणि पळसदेवला ‘कशाच्या शेजारी’ हा प्रश्न फार टोकदार आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला रब्बी ज्वारी, तिसरीकडे माळ, चौथीकडे उजनीचं पाणी. चादरीवर वाळक्या काडीच्या रंगाचा, लांब नाकाडाचा पतंग येऊन बसला. जीनस चिलो, इथपर्यंत सवयीच्या डोळ्याला कळतं. पण ज्वारी-मक्याचा खोडकिडा चिलो पार्टेलस आणि उसाची खोडकीड चिलो इन्फस्केटेलस यांचे पतंग, त्यातून पंख झिजलेले, फोटोवरून वेगळे करणं धोक्याचं आहे. याच जीनसमध्ये रानगवतावर वाढणाऱ्या जातीही आहेत. शुभ्र पांढऱ्या स्किर्पोफॅगाचंही तेच. उसाचा शेंडा पोखरणारा स्किर्पोफॅगा एक्सर्प्टॅलिस आणि गवतांवरचे त्याचे भाऊबंद सारखेच पांढरे. खात्री करायची तर पोटाचा शेवटचा भाग दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. नाहीतर डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचावा लागतो. कॅनडातल्या पॉल हेबर्टनं २००३ साली मांडलेली ही पद्धत.

सगळेच असे अवघड नाहीत, आणि सुरुवात सोप्यांपासून करावी. काकडीवर्गीय वेलांवरचा डायफॅनिया इंडिका: पांढरे चमकते पंख, भोवती काळी किनार, शेपटीला झुपका. राजगिरा-घोळीवर वाढणारा स्पोलॅडिया: तपकिरी पंखावर आडवा पांढरा पट्टा. तूर-चवळीच्या शेंगांवरची मारुका: मागचे पंख अर्धपारदर्शक, कडा तपकिरी. तुरीवरचा पिसारी पतंग तर पंख आडवे ताणून बसतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. त्याच्या कुळातल्या १,३१८ जातींपैकी बहुतेकांचा पुढचा पंख दोन फाकांत आणि मागचा तीन फाकांत चिरलेला असतो, त्यामुळे कुळ चटकन कळतं, जातीला मात्र वेळ लागतो. दिवसा माळावर फिरताना पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला युटेथिसा उठतो. खुळखुळ्यावर आणि पाणी ओसरलेल्या गाळावरच्या हत्तीसुंडीच्या कुळातल्या झाडांवर त्याची अळी वाढते. तो इतका ओळखीचा वाटतो की घाईनं जात लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. लिहू नये. या जीनसमधल्या दोन-तीन जाती वरवर सारख्या दिसतात, म्हणून ‘युटेथिसा, जात अनिश्चित’ एवढंच लिहावं. बाभळीवर काड्या-काट्यांची पिशवी करून लटकणारी अळी आणि पानात नागमोडी बोगदा करणारी नागअळी यांना तर दिवाही लागत नाही. लिंबाच्या पानातली नागअळी पतंग होते तेव्हा तिचा पंखविस्तार चार-पाच मिलिमीटर असतो.

‘जात अनिश्चित’ लिहिणं म्हणजे हार, असं नव्या नोंदकर्त्याला वाटतं. आकडे उलट सांगतात. ॲन चाओ या तैवानी संख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली एक सूत्र दिलं. यादीतल्या किती जातींचा एकेकच पतंग आला आणि किती जातींचे दोन-दोन आले, यावरून न दिसलेल्या जाती किमान किती असाव्यात याचा अंदाज त्यातून बांधता येतो. एकट्यांच्या संख्येचा वर्ग करा, त्याला दुकट्यांच्या दुपटीनं भागा, आलेला आकडा यादीत मिळवा. समजा, एका पावसाळ्यात ४० जाती मिळाल्या, १८ जातींचा एकेक पतंग, ६ जातींचे दोन-दोन. ३२४ भागिले १२ म्हणजे २७, अंदाज ६७ जातींचा. दुसऱ्या वर्षी काम वाढवून जाती ६० झाल्या, एकटे ८ आणि दुकटे ४ उरले, तर ६४ भागिले ८ म्हणजे ८, अंदाज ६८. यादी वीसनं वाढली, अंदाज जेमतेम एकानं हलला. नोंद पूर्णत्वाकडे चालल्याची ही खूण.

आता याच पहिल्या वर्षी तीन झिजलेल्या चिलोंना उत्साहाच्या भरात तीन वेगवेगळी नावं दिली असं धरू. जाती ४३, एकटे २१. ४४१ भागिले १२, साधारण ३७. अंदाज ८०. तीन चुकीच्या नावांनी माळावर तेरा जाती जास्तीच्या उभ्या केल्या, आणि त्यांतली एकही खरी नाही. बारक्या पतंगांच्या नोंदीत चुकीचं नाव हे न दिलेल्या नावापेक्षा कितीतरी महाग पडतं, ते असं. आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर दोनतृतीयांशांहून जास्त ओळखकर्त्यांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरते. पण दोघांनी एकाच फोटोवरून एकच अंदाज केला, तर तो अंदाजच राहतो. अवघड जीनससाठी माझा भरवसा ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरच्या तपासलेल्या पानांवर आणि नमुना हाती घेऊन बघणाऱ्या माणसावर आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. व्ही. शुभलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या पतंगांची यादी केली, ती ताडून बघायला हाताशी हवी. मात्र ती घाटातल्या ओल्या रानाची आहे आणि आपण ५०० मि.मी. पावसाच्या माळावर उभे आहोत, हे विसरून नावं उचलू नयेत.

फोटो कसा घ्यावा यावरही बरंच ठरतं. चादरीवर मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद टाचून ठेवला की प्रत्येक फोटोत माप आपोआप येतं. आठ मिलिमीटरचा पतंग पडद्यावर मोठा करून बघितला की ऐंशीचाही वाटू शकतो, त्यामुळे माप नसलेला फोटो अर्धा निकामी. वरून एक, बाजूनं एक आणि जमल्यास तोंडाचा एक. जेलेकिडी कुळात ओठाजवळचे दोन अवयव कोयत्यासारखे वर वळलेले असतात, ते बाजूच्या फोटोतच दिसतात.

वहीतली एक ओळ अशी हवी: तारीख, दिवा लावल्याची आणि मालवल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, दिव्याचा प्रकार आणि वॉट, वारा, ढग, चंद्र, शेजारी काय उभं आहे, कुळ-जीनस-जात जिथवर खात्री तिथवर, पतंगांची संख्या, आणि ओळख कुणी पटवली. अमावास्येच्या आसपास पतंग जास्त येतात, चांदण्यात कमी. उजनीकडून वारा सुटला की बारके उडतच नाहीत. म्हणून ज्या रात्री काहीच आलं नाही ती रात्रही लिहायची, शून्य घालून. ब्रिटनमध्ये रॉथमस्टेडच्या सापळ्यांचं देशभराचं जाळं १९६८ पासून चालू आहे. दिवा तोच, साधा २०० वॉटचा टंगस्टन. याहून चांगले दिवे आले तरी त्यांनी तो बदलला नाही. १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत तिथले मोठे पतंग संख्येनं ३३ टक्क्यांनी घटले, हे छातीठोकपणे सांगता आलं ते या हट्टापायी. आपल्याकडे यंदा मर्क्युरी, पुढच्या वर्षी एलईडी असं केलं, तर घट पतंगांची की दिव्याची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा २०१२ पासून पतंग सप्ताह म्हणून पाळला जातो. माळावर तेव्हा गवत नुकतं उठत असतं, आणि चादर लावायला काळ चांगला. पण माळाची खरी नोंद करायची तर कोरडे महिनेही सोडता येत नाहीत. ज्वारीच्या खोडकिड्याची अळी कापणीनंतर धसकटात सुप्तावस्थेत पडून राहते, म्हणूनच धसकटं वेचून नष्ट करा असं कृषी विभाग सांगतो. माळावरच्या गवताच्या बुडख्यातही अशा अळ्या मिळतात. जानेवारीत एखाद्या जागी कुसळीची आणि पवन्याची पन्नास-पन्नास थोटकं चिरावीत, किती रिकामी निघाली तेही लिहावं, सापडलेली अळी त्याच काडीसकट जाळी बांधलेल्या बरणीत ठेवावी आणि बरणीवर गवताचं नाव आणि तारीख घालावी. पावसाच्या तोंडाला त्यातून पतंग बाहेर येतो, पंखांवरचा एकही खवला न झडलेला. चादरीवर ज्या चिलोचा प्रश्न सुटत नव्हता, त्यातला निम्मा इथे सुटतो, कारण तो कुठल्या काडीतून आला हे आता माहीत असतं. उरलेल्या निम्म्यासाठी हाच नमुना आकुर्डीला नेता येतो.